अक्काच्या भिंती

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. एका डोंगराच्या कुशीत काळ्या दगडांचं एक जुनं घर होतं. त्यात मल्हारी आणि त्याची थोरली बहीण राहत. आईबाप लवकर गेले, तेव्हा या अक्कानंच मल्हारीला लहानाचं मोठं केलं. पुढं तिचे डोळे गेले. तरी भिंतीला हात लावत ती घरभर वावरायची, चूल पेटवायची, माठातलं पाणी काढून भावाला द्यायची.

घर मात्र भारी खडबडीत. एकदा अक्काच्या तळहातातून रक्त आलेलं मल्हारीनं पाहिलं. जिनं आपल्याला वाढवलं, तिला आपल्याच घराची भिंत टोचावी?

अक्का मामाच्या गावी लग्नाला गेली, तशी त्यानं कंबर कसली. घर पाहावं बांधून, असं म्हणतात. जुनं घर नीट करून पाहा, म्हणजे नवं बांधलेलं बरं वाटेल! त्यानं गळकं छप्पर शाकारलं, फरशी बसवली आणि सगळ्या भिंतींना चुन्याचा गिलावा केला. असा गुळगुळीत, की माशी बसली तरी घसरावी. शेजारीपाजारी बघून गेले. "भाऊ असावा तर असा," जो तो म्हणाला. मल्हारी फुलून गेला.

अक्का परत आली. त्यानं तिचा हात भिंतीवर ठेवला. "बघ अक्का, लोण्यासारखी केलीय."

अक्कानं हात फिरवला. पुन्हा फिरवला. "छान आहे रे," ती हळूच म्हणाली.

त्या दिवसापासून अक्का कोपऱ्यात बसून राहू लागली. चूल मल्हारीच पेटवू लागला. आधी त्याला वाटलं, प्रवासाचा शीण असेल. मग वाटलं, वय झालं. माणसाला आपली चूक सोडून बाकी सगळं सुचतं.

एके सकाळी अक्का म्हणाली, "मल्हारी, घोटभर पाणी देतोस का रे?"

मल्हारी चपापला. उभ्या आयुष्यात अक्कानं त्याच्याकडं पाणी मागितलं नव्हतं. तो तिच्यापाशी बसला. "अक्का, तुला माझ्या गळ्याची शपथ. काय झालंय, सांग."

"दाराशी एक टोकदार दगड होता, तिथून वळलं की चूल. माठामागचा दगड नेहमी गार लागायचा. खिडकीखालच्या खोबणीला धरून तू चालायला शिकलास. डोळे गेल्याचं मला या घरात कधी जाणवलंच नव्हतं, बाळा. आता जाणवतं."

मल्हारीला रडू फुटलं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच! डोळे पुसत त्यानं छिन्नी-हातोडा घेतला. अक्का दाखवत गेली, तो गिलावा काढत गेला. कंबरेच्या उंचीवर, अक्काच्या हातापुरता पट्टा घरभर उघडा झाला. एका दगडापाशी ती थांबली. "हा मात्र घासून टाक. हाच मेला कापायचा!" मल्हारी रडता रडता हसला.

शेजारी हळहळले. "एवढ्या देखण्या भिंतीची काय दशा केलीस रे!" मल्हारीनं लक्ष दिलं नाही.

संध्याकाळी तो दमून ओट्यावर बसला होता. आतून भिंतीवर हात घासल्याचा ओळखीचा आवाज आला. मागोमाग पाण्याचा तांब्या घेऊन अक्का दारात उभी राहिली.

"घे," ती म्हणाली. "दमलास."

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: माया जरूर करावी, पण जिच्यावर करायची, तिला आधी विचारावं.