हौसेला का होत नाही

“…पण माई, हौसेला का होत नाही?”

बयामाईनं वाती वळता वळता मान वर केली. “काय होत नाही?”

द्रौपदानं आजूबाजूला पाहिलं. मठाच्या ओट्यावर दोघीच होत्या. तरी तिनं आवाज खाली घेतला.

“खालची आग, माई. मुतायला बसलं की मिरची लागल्यावानी होतं. थेंब थेंब येतं. गोळ्या घेतल्या की आग जाते, मग खाज सुटते. दह्यासारखं पांढरं जातं. ते बरं होतंय न होतंय तोवर परत आग.”

“आणि हौसेला नाही.”

“तेच तर. एकाच विहिरीचं पाणी आहे आम्हा दोघींना.”

“ती पिते,” माई म्हणाली.

…

द्रौपदाला ते बोलणं झोंबलं. पण खोटं नव्हतं.

शेलारडोहाच्या त्या मठात सगळ्या बायकाच. सांजच्या नामाला माई गादीवर बसायची. तिच्या उजव्या हाताला एक जण मोरपिसांचा पंखा घेऊन. रीत अशी होती, की नाम चालू असताना पुढची जागा रिकामी ठेवायची नाही. एक उठली की शेजारचीनं सरकायचं, आणि सरकली ती सरकली.

पंखा द्रौपदाकडं होता. तिच्या पलीकडं हौसा, डोळे मिटून, मांजर टपून बसावं तशी. म्हणजे द्रौपदाला तसं वाटायचं. हौसा खरं तर डुलक्या काढायची.

म्हणून द्रौपदा दुपारपासून पाण्याला शिवायची नाही. बसली की मांडी आवळून बसायची, आत कळ आली तरी नाम जोरात म्हणायची. बायका म्हणायच्या, काय भक्ती आहे.

“पाणी प्यालं की उठावं लागतं, माई.”

“मग उठावं.”

“आणि ती बसली म्हंजे?”

“बसंल.”

द्रौपदाचं नाक लाल झालं. “तिला काय येतंय? सोवळं तरी पाळते का? अंघोळ झाली की कोरडं नेसून मोकळी. मी ओलेत्यानं पूजा करते. लुगडं अंगावरच वाळवते.”

“सगळं वाळतं का?”

द्रौपदानं लुगड्याचा ओलसर काठ मांडीखाली सारला.

“आणि साबण?”

“जंतू मारायचा आणलाय, वासाचा. पार आतपर्यंत धुते. जाईन तेव्हा धुते.”

“हौसा?”

“नुसतं पाणी घेते. घाणेरडी.”

माईनं तोंडाला पदर लावला. खोकली की हसली, कळलं नाही.

“डॉक्टरणीनं दिलेल्या गोळ्या संपवल्यास?”

“आग थांबली की ठेवून दिल्या. परत लागतातच की.”

“लागणारच, ठेवल्यावर. उद्या सकाळी जा तिच्याकडं. लघवी तपासायला दे, साखर बघायला सांग. आणि मला जे सांगितलंस ते तिला सांग. सोवळ्यासकट.”

“पण माई, हौसेची नजर…”

माईनं तांब्या पुढं केला. “पी.”

द्रौपदा प्याली. माईनं परत भरला.

“पी.”

हौसेला माईनं कधी स्वतःच्या हातानं पाणी दिलं नव्हतं. द्रौपदानं तळाचा थेंबसुद्धा सोडला नाही.

सांज झाली. बायका जमल्या, टाळ वाजायला लागले. द्रौपदा पंखा हलवत होती आणि पोटात तांब्या हलत होता. हौसा नेहमीसारखी डोळे मिटून.

नाम रंगात आलं, तशी माई उठली.

“मला लागली,” म्हणाली, आणि मागच्या दारानं गेली.

गादी रिकामी.

टाळ थांबले नाहीत, पण सगळ्यांच्या नजरा द्रौपदावर आल्या. रीत ती रीत. तिनं पंखा खाली ठेवला आणि हळूच सरकली… गादीवर. मऊ होती. माईच्या अंगाची ऊब अजून होती तिला.

कुणीतरी हौसेला कोपरानं ढोसलं. हौसा दचकून जागी झाली, सरकली, पंखा उचलला आणि वारा घालायला लागली. द्रौपदाला. हौसा द्रौपदाला वारा घालत होती.

एवढं सुख तिनं स्वप्नातसुद्धा मागितलं नव्हतं. डोळे मिटून घ्यावेत, असंच बसून राहावं…

पण कळ आली.

मांडी आवळली. दुसरी कळ आली. कपाळावर घाम, पायाचे अंगठे वाकडे. तिनं दाराकडं पाहिलं. माई केव्हाच आली होती. पण पुढं आली नव्हती. शेवटच्या रांगेत, दाराशी, पाय पसरून टाळ्या वाजवत बसली होती, एखादी पाहुणी बसावी तशी.

द्रौपदा उठली तर गादीवर कोण?

तिनं हौसेकडं पाहिलं. हौसा पंखा हलवत होती, मन लावून.

आणखी एक कळ. ही थांबणारी नव्हती.

द्रौपदा उठली. लुगडं सावरत, बायकांचे गुडघे तुडवत, मागच्या दारानं धावली. मोरीत बसली. आग होती, पण धार मोकळी लागली. किती दिवसांनी. भिंतीला डोकं टेकून ती बसून राहिली… पार संपेस्तोवर.

परत आली तर गादीवर हौसा. बिचारीचा चेहरा चोरी पकडल्यासारखा. तिच्या उजवीकडं तिसरीच कुणी पंखा हलवत होती. पुढं तीळ ठेवायला जागा नव्हती.

द्रौपदा दारातच उभी राहिली. डोळे भरून आले. माई खालून तिच्याकडं बघत होती.

“गेली, माई. माझी जागा गेली.”

माई थोडी सरकली. बाजूची फरशी हातानं पुसली.

“बस इथं. इथनं मोरी जवळ आहे.”