भांगावरची मोजणी

चौगुले साहेब साळशीच्या रानाची सावली मोजायला आले. वाटेनं शंभर पावलं चालायचं आणि दर पावलाला नळीतून वर बघायचं. पान दिसलं तर फुली, आभाळ दिसलं तर शून्य. फुल्या दहाच्या आत आल्या, तर हे रान नव्हेच, इथं दगडखाण होणार.

फुल्या आल्या सात! वनरक्षक तुळाजी चक्रावला. या रानात भरदुपारी ऊन अंगाला लागत नाही, मग एवढं आभाळ आलं कुठून? त्यानं तीनदा आकडे तपासले, पण चूक सापडेना.

"नळी खोटं बोलत नाही," म्हणत साहेब दगडावर टेकले आणि ऐटीत केस विंचरू लागले.

मोळी टेकवून बघत उभ्या असलेल्या चांगुणाआजीनं नळी उचलली, साहेबांच्या डोक्यावर धरली आणि भांगावरून हळूहळू सरकवली.

"तुळाजी, लिही. इथं कातडी, इथं कातडी, इथंही कातडीच. साहेब टकले."

साहेब उसळले. "अहो आजी, केस काय भांगावरून मोजतात?"

"मग रान काय गाडीवाटेवरून मोजतात?"

तुळाजीच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. साहेबांनी कंगवा खिशात घातला, बुटाच्या नाड्या आवळल्या आणि नळी घेऊन ते करवंदीच्या जाळीत शिरले.