हौसाक्काची पावती

"…मग एवढी फी भरून मला मिळालं काय, ते तरी सांगा ना आक्का?"

हौसाक्का सोप्यात बसून विळ्यानं कळकाची कांबी तासत राहिली.

हिरण्यकेशीच्या काठच्या त्या गावांत हाड मोडलं, निखळलं की माणूस आधी हौसाक्काच्या सोप्यात यायचं. शाळेची पायरी तिनं चढली नव्हती. पण नुसती बोटं फिरवून हाड कुठं मोडलंय ते सांगायची, आणि कांब्या लावून बांधायची.

विचारणारी कस्तुरी गिरणीवाल्याची लेक. फिजिओथेरपीच्या कॉलेजात तीन वर्षं काढलेली. आखडलेले, मोडून सांधलेले हातपाय पुन्हा कामाला लावायचं ते शिक्षण. दोन वर्षांची फी गिरणीनं दिली, तिसऱ्या वर्षी आईच्या पाटल्या गेल्या. चौथ्या वर्षाचे पैसे बापानं परवाच हातात ठेवले होते. सोमवारी भरायचे होते. ते घेऊन ती कॉलेजात जायच्या ऐवजी इथं आली होती.

तिनं पाकीट हौसाक्काच्या पुढ्यात ठेवलं. त्यावर गेल्या सालची फीची पावती.

"सर पुस्तक उघडतात आणि वाचून दाखवतात. आम्ही लिहून घेतो. झालं कॉलेज. नुसतं वाचून दाखवायचे एवढे पैसे? त्यापेक्षा हे तुम्ही घ्या आणि मला शिकवा."

उंबऱ्यावर हौसाक्काचा धाकटा भाऊ तात्या दोरी वळत बसला होता. पायाच्या अंगठ्यात पीळ धरलेला, आणि वळायला एकच हात. उजवी बाही मोकळीच लोंबत होती.

"घे की गं आक्का," तो हसत म्हणाला. "आजवर तुला कोंबडीच्या वर दिलंय कुणी काय?"

हौसाक्कानं पाकिटाकडं पाहिलंही नाही.

"हात पुढं कर."

"कुठला?"

"लिवतीस त्यो."

कस्तुरीला बरं वाटलं. आली त्याच दिवशी आक्कानं शिकवायला घेतलं होतं… हौसाक्कानं अंड्याच्या बलकात उडदाचं पीठ कालवलं, मनगटावर लेप थापला. चार बाजूंनी चार कांब्या लावल्या. वर लुगड्याची पट्टी गुंडाळली, गुडघा टेकून आवळली. कस्तुरी वेढे मोजत होती. सात झाले.

गाठ मारून हौसाक्का पुन्हा कांबी तासायला बसली.

"आता?"

"आता बस."

अंगणातली सावली पायरीवर चढली. बोटांना मुंग्या आल्या. कस्तुरीनं दात आवळले. ही आपली परीक्षा असणार, असं तिच्या मनानं घेतलं. चार भिंतींत बसून शिकणाऱ्यांना हे कुठून जमायला?

मग मुंग्याही गेल्या.

तिनं बोटांकडं पाहिलं. पिठात बुडवून काढल्यासारखी दिसत होती. दुसऱ्या हातानं तिनं अंगठ्याचं नख दाबलं आणि सोडलं. नख पांढरंच राहिलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"आक्का, सोडा हे."

"दुकतंय?"

"दुखण्याचं नाही. रक्त अडलंय. नख दाबून सोडलं की लगेच लाल व्हायला पाहिजे. होत नाही."

"हाड म्हटल्यावर आवळायलाच लागतंय. उद्या सोडू."

"उद्यापर्यंत हात मरेल माझा!"

हौसाक्काचा विळा थांबला.

"कुणी सांगितलं?"

कस्तुरी बोलायला गेली… आणि अडली.

"सरांनी," ती हळूच म्हणाली. "दुसऱ्या वर्षाला."

"करून दावलं?"

"नाही… वाचून दाखवलं. मी लिहून घेतलं होतं."

हौसाक्का उठली. विळा घेऊन एका झटक्यात तिनं सातही वेढे कापले. कांब्या खाली पडल्या. रक्त परत आलं तसा हात पेटल्यासारखा झाला, कस्तुरीच्या डोळ्यांत पाणी आलं. हौसाक्कानं तिचं नख स्वतः दाबलं, सोडलं, आणि ते लाल होईस्तोवर बोट धरून ठेवलं. एकेक करून पाची बोटं तिनं तशी पाहिली.

मग पाकिटावरची पावती उचलून उलटी-सुलटी केली. वाचता येत नव्हतंच. जिथली तिथं ठेवली.

"तात्या, माझी पावती दाव हिला."

तात्यानं दोरी खाली ठेवली. या खेपेला तो हसला नाही. डाव्या हातानं त्यानं मोकळी बाही उचलून धरली.

"मी अठराची हुते," हौसाक्का म्हणाली. "ह्यो बाराचा. मनगट मोडलं हुतं, दुसरं काय नव्हतं. मीच बांधलं. सोड म्हणून रातभर रडला… मला वाटलं, हाड हाय, दुकणारच. तिसऱ्या दिवशी बोटं काळी पडली."



तात्यानं बाही सोडली आणि दोरीचा पीळ पुन्हा अंगठ्यात धरला.

कस्तुरीनं मान खाली घातली. मनगटाला लेप अजून चिकटलेला होता. त्याच हातानं तिनं पाकीट उचललं, पावती आत घातली. पायरी उतरून अंगणात गेली तेव्हा मागून हाक आली.

"पोरी…"

ती थांबली. हौसाक्का खाली पडलेल्या कांब्या गोळा करत होती. मान वर न करताच तिनं विचारलं,

"नुसतं वाचून दावायचं… किती घेत्यात म्हणालीस?"