कुजेल ते चांगलं

एका गावात एक भोळा लहानू होता. मिसरूड फुटलं होतं, अक्कल तेवढी यायची होती.

त्याची चंपामामी गावच्या बायकांना घेऊन पळसाच्या पत्रावळी लावायची. शहरातला एक व्यापारी म्हणाला, "वर्षभर माल घेतो. पण या पत्रावळीनं मातीपाण्याचं काही बिघडत नाही, असा तपासणीचा दाखला हवा." दाखला मिळाला तर बायकांना घरीच काम. नाही मिळाला तर पोराबाळांसकट पुन्हा ऊसतोडीला. मामीचा जीव त्या दाखल्यात अडकला होता.

तपासणीचे साहेब यायच्या आधी आपणच बघू, म्हणून मामीनं लहानूला सांगितलं, "एक पत्रावळ मातीत पुर. कुजली तर चांगली."

लहानूनं पुरली. सकाळी उकरली. दुपारी उकरली. संध्याकाळी रडत आला. "मामी, कुजतच नाही गं!"

"अरे येड्या, पुरलेल्याला हात लावायचा नसतो!"

"ध्यानात ठेवतो, मामी."

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांचं करडू शेणखताच्या खड्ड्यात गळ्यापर्यंत रुतलं. लहानू शेजारी राखण करत बसला. कुणाला हात लावू देईना. शेवटी मामीनंच ते ओढून काढलं.

"अरे, जिवंत असेल ते लगेच बाहेर काढायचं, धुवायचं, उन्हात ठेवायचं!"

"ध्यानात ठेवतो, मामी."

रावजीकाकांनी कांद्याची रोपं लावली होती. लहानूनं पाहिलं, हिरवीगार, म्हणजे जिवंत! बिचारी मातीत रुतलेली. त्यानं सगळी उपटली, स्वच्छ धुतली आणि खडकावर ओळीनं वाळत घातली. रावजीकाका काठी घेऊन आले.

मामीनं कपाळावर हात मारला. "बाबा, तू कशालाच वाचवू नकोस. कुजेल ते चांगलं, कुजत नाही ते वाईट, एवढंच ध्यानात ठेव."

"ठेवतो, मामी."

पुढे साहेब आले. त्यांनी पानं शेकायच्या चुलीचं सरपण तोललं, पानं धुतलेलं पाणी बाटलीत भरून घेतलं, पत्रावळ पुरलेला खड्डा उकरला. पत्रावळीचा पत्ता नव्हता, नुसती माती आणि गांडुळं. साहेब खूश झाले. त्यांनी सहीशिक्क्याचा दाखला प्लास्टिकच्या पाकिटात घालून दिला. मामीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"लहानू, हा नीट ठेव. फार चांगला आहे हो हा."

लहानू विचारात पडला. चांगला आहे, हे ठरवलं कुणी?

पाऊस झाला, गेला. व्यापारी टेम्पो घेऊन दारात आला. बायका नवी लुगडी नेसून जमल्या.

"दाखला बघू," व्यापारी म्हणाला.

"लहानू, दाखला आण रे!"

लहानू परसात पळाला आणि हसत परतला. एका हातात चकचकीत रिकामं पाकीट, दुसऱ्या हातात मूठभर माती. मातीत एक गांडूळ वळवळत होतं.

"मामी, पेढे वाट! दाखला पास झाला, पार कुजला! हे पाकीट तेवढं नापास, ते साहेबांना परत देऊ."