दर आठवड्याची वही

“पण बाई, माझं चुकलं तरी कुठे?”

विश्वंभरचा आवाज चढला होता.

ओसरीवर भागीरथीबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. तीस वर्षं शाळा सांभाळून निवृत्त झालेल्या. विश्वंभर त्यांच्याच हाताखाली शिकला, आणि आता त्यांच्याच खुर्चीत मुख्याध्यापक म्हणून बसत होता.

“शाळा घड्याळावर चालते. निकाल शंभर टक्के. तरी दोन वर्षांत चार शिक्षक सोडून गेले. आणि काल उगले सर! चौदा वर्षं गणित शिकवतायत… दहावीची परीक्षा तोंडावर, आणि हे राजीनामा देऊन मोकळे.”

“कारण काय लिहिलंय?”

“वैयक्तिक.”

“त्यांच्या वर्गात जायचास?”

“दर आठवड्याला. वही घेऊन.”

“वहीत काय लिहायचास?”

“चुका.”

“आणि चांगलं शिकवायचे, ते?”

“ते कशाला लिहायचं, बाई? ते तर त्यांचं कामच आहे.”

बाईंनी शेंगा बाजूला सारल्या.

हात पुसून उठल्या. भिंतीवर एक फळा होता. गल्लीतल्या बायकांना त्या तिथे लिहायला शिकवत. विश्वंभरच्या हातात त्यांनी खडू दिला.

“अपूर्णांकांची बेरीज शिकव. मी पाचवीत आहे असं समज.”

विश्वंभर हसला. फळ्यावर एक द्वितीयांश लिहिलं, पुढे एक तृतीयांश.

मागे बाई वही उघडून उभ्या राहिल्या. त्याने वळून पाहिलं. त्यांची पेन्सिल हलत होती.

तो पुन्हा लिहू लागला. एक वाक्य बोलला, ते अर्ध्यावर सोडलं. पुन्हा वळून पाहिलं. पेन्सिल हलतच होती.

उत्तर लिहिलं… दोन पंचमांश.

क्षणभराने चूक त्याच्याच ध्यानात आली. त्याने घाईघाईने तळहातानेच ते पुसलं.

“काय लिहिलंत, बाई?”

त्यांनी वही त्याच्यापुढे धरली. पान कोरं होतं.

विश्वंभरने खडू खाली ठेवला. उगले सरांचा फळ्यावरचा हात त्याला आठवला. आपण दारात दिसलो की थबकणारा…

“सर अजून गावातच आहेत,” तो हळूच म्हणाला. “उद्या सकाळी जातो त्यांच्या घरी.”

बाई पुन्हा शेंगांपाशी बसल्या.

“जाताना काय घेऊन जाऊ, बाई?”

“तुला न सुटलेलं एक गणित.”