एसी, हीटर आणि चिकटलेली खिडकी

खोली गारठवणं म्हणजे मोठेपणा, असं समजायचे त्या काळातली गोष्ट. एका कंपनीच्या तीन इमारती आणि तिन्हींना वीज पुरवणारा अंगणात एकच ट्रान्सफॉर्मर. प्रत्येक खोलीत भिंतीवर एसी सुसाट, आणि थंडीने कुडकुडणाऱ्यांनी टेबलाखाली लावलेला हीटर. शहाण्यांचा कारभार, दुसरं काय!

"अरे, आवरा! माझं तेल उकळतंय, आज मी फुटणार!" ट्रान्सफॉर्मर ओरडला.

"आधी त्या टेबलाखालच्या निखाऱ्याला सांगा," एसी गुरगुरला. "मी गारवा करतो, हा घालवतो."

"तू गोठवतोस म्हणून मी तापतो, बर्फाच्या गोळ्या!" हीटर फणकारला.

दोघांनी आणखी जोर लावला. ट्रान्सफॉर्मरने जीव वाचवायला खाडकन वीज तोडली. तिन्ही इमारती गप्प!

"आता तरी माझ्याकडे बघा!" रंगाने चिकटून गेलेली खिडकी करकरली.

खिडकीशेजारी शाल पांघरून बसलेल्या कारकून इंदुमतीबाई उठल्या. पदर खोचून त्यांनी असा धक्का दिला, की रंगाचे पोपडे उडाले आणि वारा भसकन आत आला.

"अहो, बाहेर तर काय सुरेख हवा आहे!" त्यांचे साहेब कोट काढत म्हणाले.

"ती रोजच असते, साहेब," शालीची घडी घालत बाई म्हणाल्या.

शेजारच्या इमारतींतही खिडक्या धडाधड उघडल्या. वीज आली, पण बटणाकडे कुणाचाच हात गेला नाही.

"आता आम्ही काय करायचं?" एसी आणि हीटर एकदमच रडवेले झाले.

"झोपा रे," गार होत ट्रान्सफॉर्मर म्हणाला. "खरी गरज लागली, की मीच उठवीन."