रोज एक जानेवारी

आंबेखिंडच्या खंबीरराव महाराजांनी एका संध्याकाळी राजवाड्यातल्या कॉम्प्युटरवर 'अपडेट करा' या चौकोनावर बोट ठेवलं, आणि सकाळी पाहतात तो पडद्याच्या कोपऱ्यात तारीख एक जानेवारी, तीही पन्नास वर्षांपूर्वीची.

तारखेचं महाराजांना एवढं काही नव्हतं. पण तिच्यापायी एक पान उघडेना. शेजारच्या राजाशी त्यांचा कॉम्प्युटरवरून बुद्धिबळाचा डाव चालला होता आणि शेजाऱ्याचा वजीर अगदी तावडीत आला होता. डाव उघडायला जावं, तर पडद्यावर एकच उत्तर: आधी तारीख तपासा.

राजवाड्यातले पंखे, दिवे आणि कॉम्प्युटर गेनू सांभाळायचा. त्याला बोलावणं गेलं. त्याने आत डोकावून पाहिलं आणि सरळ सांगून टाकलं की तारीख चुकली आहे, घड्याळाची बारकी बॅटरी संपली आहे, दोन्ही बदललं की झालं.

तिथेच तो फसला. कारण कॉम्प्युटर आणला तेव्हा महाराजांनी गावोगाव दवंडी पिटवली होती की आमचा कॉम्प्युटर कधीही चुकत नाही. आता राजाने शब्द मागे घ्यायचा कसा? महाराजांनी गेनूला आठवड्याची कैद सुनावली आणि हुकूम काढला: कॉम्प्युटर दुरुस्त झालाच पाहिजे, पण तो चुकला असं जो म्हणेल तो तुरुंगात जाईल. आणि तारखेला हात लावणं म्हणजे चुकला म्हणणंच. तोवर कॉम्प्युटर दाखवेल तीच राज्याची तारीख.

झालं. रोज सकाळी महाराज कॉम्प्युटर सुरू करत आणि रोज एक जानेवारी निघे. मग दरबार नवीन वर्षाच्या शुभेच्छा द्यायला हार घेऊन रांगेत उभा राही. दिवाण अप्पासाहेब नववर्षाचं भाषण रोज नव्याने वाचत आणि रोज त्याच ठिकाणी गहिवरत. दुरुस्तीला मात्र कोणी पुढे येईना.

या हारांची सगळी फुलं भिवरा पुरवायची. ती गेनूची बायको. धंदा असा कधी झाला नव्हता, पण घरी परतलं की चूल पेटवावीशी वाटत नसे. आठवडा उलटला तशी ती तुरुंगाच्या दाराशी गेली आणि नवऱ्याला सोडा म्हणाली. तुरुंगाधिकारी भला माणूस होता. त्याने तिला बसायला दिलं, पाणी दिलं आणि समजावलं की बाई, आज एक जानेवारी, म्हणजे गेनूच्या कैदेचा आज पहिलाच दिवस. उद्याही पहिलाच असेल. त्यालाही ते पटत नव्हतं, पण हुकूम हुकूम होता.

भिवरा तिथेच पायरीवर बसून राहिली. अशाने माणूस म्हातारा होईल आणि कैदेचा पहिला दिवसही सरायचा नाही. मग ती उठली, पदर खोचला आणि चांगला टपोरा झेंडूचा हार घेऊन थेट दरबारात शिरली.

महाराजांनी हारासाठी मान पुढे केली. भिवरा त्यांच्या बाजूने पुढे निघून गेली आणि भिंतीवर थोरल्या महाराजांची, म्हणजे खंबीररावांच्या वडिलांची, तसबीर होती तिला हार घालून तीनदा वाकली.

"आम्ही इथे बसलोय," महाराज म्हणाले.

"माफी असावी सरकार," भिवरा म्हणाली, "पण आजच्या तारखेला तुमचा जन्म व्हायचाय. गादीवर थोरले महाराज आहेत. गाऱ्हाणं त्यांच्याकडेच घालायला हवं ना?"

महाराजांनी दिवाणांकडे पाहिलं. भिवराने हात जोडून सांगितलं की दिवाणसाहेब आज जेमतेम दहा वर्षांचे आहेत, त्यांना या वेळी शाळेत असायला हवं. महाराज लालबुंद झाले. तिला धरा, असं त्यांनी पहारेकऱ्यांना फर्मावलं. पहारेकरी पुढे आले आणि मध्येच थबकले. त्यांचाही जन्म व्हायचा होता. न जन्मलेल्या राजाचा हुकूम न जन्मलेल्या शिपायाने पाळावा का, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

"म्हणजे आमचा कॉम्प्युटर चुकला म्हणतेस?" महाराजांनी हळूच विचारलं. हो म्हटलं तर तीही गेनूच्या शेजारी.

"नाही सरकार," भिवरा म्हणाली. "तो चुकणार कसा? तो मागे राहिलाय. तुमची चालच अशी झपाट्याची, तुम्ही पन्नास वर्षं पुढे निघून आलात. तो बिचारा थोरल्या महाराजांना मुजरा करत तिथेच उभा आहे. धन्याने हाक मारली नाही, तर नोकराने पुढे यावं कसं?"

महाराजांच्या मिशा थरथरल्या, पोट हललं, आणि ते असे हसले की पगडी कानावर आली. दिवाणही हसले, पहारेकरीही हसले. महाराज उठले, नवऱ्याकडून हे ऐकून असलेल्या भिवराला विचारून विचारून त्यांनी तारखेची खिडकी उघडली आणि खणखणीत आवाजात 'ये रे पुढे' म्हणत आजची तारीख घातली. बुद्धिबळाचा पट पडद्यावर उभा राहिला आणि पहिल्याच फटक्यात त्यांनी शेजाऱ्याचा वजीर मारला.

त्या आनंदात भिवराला पैठणी आणि नदीकाठची फुलांची बाग मिळाली. गेनूने कैदेतून सुटून येऊन नवी बॅटरी बसवली, तेव्हा त्यालाही शेला मिळाला, आणि दोघांना घरी पोचवायला महाराजांनी स्वतःचा हत्ती दिला.

हत्ती राजवाड्याच्या अंगणातून डुलत निघाला. गेनू अंबारीची कड घट्ट धरून बसला होता. थोडा धीर आल्यावर तो म्हणाला, "अगं, पण तारीख खरंच चुकली होती."

भिवराने त्याच्या तोंडावर हात ठेवला. "हत्तीवरून उतरेपर्यंत," ती म्हणाली, "गप्प बसा."